बिनवजनाचा ढोल

गेल्या महिन्यात एका रविवारी, आमच्या गावच्या बिरोबाच्या माळावर, मी सगळ्यांसमोर नापास झाले.

गाव जतच्या पुढं. मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअर, राहते सांगलीत आणि मिरजेच्या हॉस्पिटलांमधली मशिन्स दुरुस्त करते. त्या रविवारी माझ्या मशीनमध्ये काहीही बिघाड नव्हता... तरी ते चाललं नाही.

माझे मामा गजी ढोल वाजवतात. गजी म्हणजे आमचा धनगरी नाच, दरवर्षी बिरोबाच्या जत्रेत होणारा. मध्ये ढोल, भोवती रुमाल घेतलेल्या माणसांचं रिंगण. पुढचा ढोल मामांचा, बाकीचे ढोल त्यांच्या मागून.

यंदा त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, खांद्यावर ओझं नको आणि जोरात फटका मारायचा नाही. मनगट हलवलं तर चालेल. म्हणजे ढोल स्टँडवर ठेवूनही उपयोग नाही, कारण त्याचा फटका खांद्यातूनच मारावा लागतो.

मामा म्हणाले, "मग मी जत्रंला येतच न्हाई. कडंला बसून बगायला मी काय पाव्हना हाय?"

मला समजूत घालता येत नाही. मी मिरजेच्या एका बेंजो पार्टीकडून जुनं इलेक्ट्रॉनिक पॅड विकत घेतलं. मामांच्याच ढोलावर दुसऱ्या ढोलकऱ्याकडून हलके, मध्यम, जोरदार असे फटके वाजवून घेतले, उघड्या माळावर रेकॉर्ड केले आणि पॅडमध्ये भरले. आता मनगटानं काठी नुसती टेकवली तरी स्पीकरमधून मामांचा ढोल वाजणार होता.

आणि जत्रेआधीच्या त्या रविवारच्या सरावात तो वाजलाही. मामा स्टँडवरच्या पॅडसमोर उभे राहिले, रिंगण सुरू झालं, ताल अगदी बरोबर... पण वळण आलं आणि रिंगण फुटलं. निम्मे वळले, निम्मे सरळ गेले. दोघे एकमेकांवर आदळले. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

बापू आमच्या गजीतले सगळ्यांत जुने नाचणारे. ते रुमाल झटकत म्हणाले, "आवाज ब्येस हाय गं. पन पाय वळंना."

मामांनी काठी खाली ठेवली. "ऱ्हाऊ दे पोरी. परातीवर लाटणं बडवल्यागत वाटतंय." लोक हसले. मामा नाही हसले, सरळ घरी गेले.

मी सगळं तपासलं. काठी पडणं आणि आवाज येणं यातलं अंतर कानाला कळणारसुद्धा नाही इतकं कमी होतं. मग चुकतंय कुठं?

उत्तर सापडलं जत-सांगली एसटीत. इअरफोन विसरले होते, म्हणून गेल्या वर्षीच्या जत्रेचा व्हिडिओ आवाज बंद करून बघत होते. वळणाच्या जरा आधी मामा गुडघ्यात वाकतात, ढोल उचलल्यासारखा करतात. रिंगणातल्या प्रत्येकाची नजर त्यांच्यावर असते. ते वाकले की लोक वळतात... फटका त्याच्यानंतर पडतो.

मग रविवारचा व्हिडिओ लावला. त्यात मामा बँकेच्या रांगेत उभे असावेत तसे ताठ. अंगावर ढोलच नव्हता, मग वाकणार कशाला?

बापूंना फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, "छ्या! आमी कानानं नाचतो. डोळं कशाला लागत्यात?" मी वाद घातला नाही.

सांगलीत एका बॅगवाल्याकडून कॅनव्हासचा रुंद पट्टा शिवून घेतला. खांद्याला नाही, कमरेला बांधायचा. त्यावर पुढे पॅड, मागे पॉवर बँक, आणि वायरऐवजी कॉर्डलेस ट्रान्समीटर. हे सगळं घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी उचलून पाहिलं आणि चालेल म्हणाले.

मामा ऐकायला तयार नव्हते. "पुन्यांदा हसं करून घिऊ व्हय?" मी एवढंच म्हणाले, एकदा बांधा आणि नेहमीसारखं वाका. नाही जमलं तर मी स्वतः पॅड परत नेईन. मामींनी मधेच पट्टा उचलला आणि त्यांच्या कमरेला बांधून टाकला. वाद मिटला.

जत्रेच्या दिवशी मामांनी आधी पॅडवर भंडारा उधळला. हळदीची ती भुकटी सगळ्या फटींमध्ये गेली. एरवी मी कुणालाही मशीनजवळ चहासुद्धा नेऊ देत नाही... त्या दिवशी पुसायला फडकंही काढलं नाही.

रिंगण सुरू झालं. पहिलं वळण, मामा वाकले, सगळे वळले. दुसरं, तिसरं. मी स्पीकरजवळ उभी राहून त्याला जोडलेल्या रिसीव्हरवरच्या सिग्नलच्या दिव्याकडे बघत होते.

आणि गर्दीनं सिग्नल अडला, तो दिवा विझला. मामांच्या पॅडचा आवाज बंद. मागचे ढोल वाजत होते, पण पुढचा ढोल मुका झाला होता. आणि समोर वळण...

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातानं खूण केली, वाका. ते वाकले.

अख्खं रिंगण एका झटक्यात वळलं. कुणी आदळलं नाही, कुणी थांबलं नाही. मी रिसीव्हर उंच धरला, आवाज परत आला. मधे तो गेला होता हे बहुतेकांना कळलंही नाही.

नाच संपल्यावर बापू घाम पुसत माझ्याकडे आले. "बगितलंस? म्हनलं न्हवतं, आमी कानानं नाचतो!" मी हो म्हणाले.

मामांनी पट्टा सोडला. "झ्याक. पन ढोलावानी पोटात घुमत न्हाई ह्ये." मला ते माहीत होतं. स्पीकरचा आवाज कानापर्यंत येतो, ढोलाचा छातीत बसतो. मग मामाच म्हणाले, "फुडच्या वर्सी घुमंल असं कायतरी कर."

म्हणजे पुढच्या वर्षी मामा येणार आहेत. मी कामाला लागले आहे.

तो आवाज बंद केलेला व्हिडिओ मी बापूंना कधीच दाखवणार नाही. सगळ्यांनी नुसतं आवाजाचं कौतुक केलं असतं तर मी अजून पॅडच तपासत बसले असते. "पाय वळंना" असं तोंडावर सांगितल्याबद्दल, बापू, मनापासून आभार.