जिभेला चिकटलेला तुकडा

संकष्टीचा रिमाइंडर फोनवर वाजला की मला न्यू जर्सीतलं ते उत्खनन आठवतं. एका जुन्या शेतघराजवळ मी हौसेनं माती चाळायला गेले होते. दुपारी पावसानं झोडपलं, तसे आम्ही सगळे ताडपत्रीखाली अंग चोरून बसलो. सकाळी सापडलेला पांढुरका तुकडा माझ्या हातात वाळला होता. "हे हाड की दगड?" मी विचारलं. "जीभ लावून बघ, चिकटलं तर हाड," उत्खननाच्या प्रमुख बाई सहज म्हणाल्या. मी जन्माची शाकाहारी, त्यात त्या दिवशी संकष्टीचा उपास! पण राहवेना. डोळे मिटून जीभ लावली, तर तुकडा चक्क चिकटला! संध्याकाळी आईनं फोनवर विचारलं, "उपासाला काय खाल्लंस?" "साबुदाणा," एवढंच म्हणाले. उपास मोडला का, हे तिला अजून विचारलेलं नाही. हाड कोणत्या जनावराचं, हे मात्र त्या बाईंना आजही मेलवर विचारत असते.