शुभदाने मोजलेल्या जागा

शुभदा वरव्याहून रोज एसटीने भोरला येते. कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तिचं टेबल आहे. बत्तीस वर्षांत तिने लोकांची प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, बदलीचे अर्ज टाइप केले. त्यातल्या एकाही कागदावर तिचं नाव नाही. माझ्या डायऱ्यांतून काढलेलं पुस्तक मी तिच्याकडे नेलं, तेव्हा तिने एकच विचारलं.

"काकू, पुस्तकात सुरुवातीला अक्षरजुळणी म्हणून नाव असतंय. तितं माजं घालाल?"

"घालीन की."

आमचे हे डॉक्टर होते. दर मंगळवारी वेल्ह्याकडच्या धनगरवाड्यांवर जात आणि घरी आल्यावर जे सांगत, ते मी लिहून ठेवी. असे दोनशे चौदा मंगळवार झाले. प्रत्येकावर तारीख.

शुभदा टायपिंग शिकली ती टाइपरायटरवर. ओळ मधोमध आणायची तर आधी अक्षरं मोजायची, उरलेल्या जागा निम्म्या करायच्या, तेवढ्या वेळा स्पेस दाबायची. कॉम्प्युटर आला, तरी सवय राहिली. माझी प्रत्येक तारीख तिने अशीच ओठ हलवत मध्ये बसवली.

पुण्याच्या छापखान्याने फाइल परत पाठवली. शीर्षक, तारीख, मजकूर, प्रत्येकाला वेगळी स्टाइल हवी, स्पेस देऊन केलेलं चालणार नाही. सोमवारपर्यंत जमलं नाही तर ते त्यांच्याकडे नव्याने टाइप करून घेतील, आणि अक्षरजुळणीत नाव त्यांचं राहील.

शुभदाने निरोप दोनदा वाचला. "म्हंजे तीनशे पानं म्या बडवायची आन नाव त्यांचं."

बुधवारपासून मी तिच्या शेजारी स्टूल टाकून बसले. कसं करायचं ते मी भाचीकडून फोनवर विचारून वहीत उतरवून घेतलं होतं.

"तारखेची एक स्टाइल बनवायची. अक्षर केवढं, ठळक की साधं, ओळ कुठे, सगळं त्यात ठरवायचं. मग नुसतं तारखेला लावत जायचं."

"शाळेचा गणवेश हाय का ह्यो?"

"तसंच समज."

"दोनशे चौदा पोरं हायत, काकू. आन आदी अंगावरचं काढायचं."

ते खरं होतं. मोजून दिलेल्या जागा एकेक करून काढाव्या लागल्या. गुरुवार त्यातच गेला. मध्येच तारखेचं अक्षर थोडं मोठं हवं असं मला वाटलं, तेव्हा तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कालच ठरलं न्हवतं का?"

शनिवारी दुपारी सगळ्या तारखांना स्टाइल लागली. ह्यांच्या शेवटच्या मंगळवारची तारीख तेवढी ठळक करायला मी सांगितलं. तिने केली. पान खाली सरकवलं. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा तारखा ठळक झाल्या होत्या. स्टाइल बनवताना एका चौकोनात तिने खूण केली होती. त्याने एकीत केलेला बदल आपोआप सगळ्यांना लागत होता.

"ह्या यंत्राला एक माणूस येगळं दाकवता येत न्हाई," शुभदा म्हणाली आणि उठून बाहेर जाऊन उभी राहिली.

मीही चिडले होते, पण वही उघडून पुन्हा भाचीला फोन लावला. खूण काढली. शेवटच्या मंगळवारची स्टाइल वेगळी बनवली. आता अक्षरजुळणीची एक ओळ उरली होती.

"तिलाही स्टाइल दे."

"एका ओळीसाठी? हटा. ती माजी हाय, मी बगते." सायंकाळची एसटी गाठायची म्हणून तिने ती पटकन टाइप केली आणि फाइल रवाना झाली.

दहा दिवसांनी प्रूफ आलं. मी ते दुकानात नेलं. तारखा एका रेषेत, मजकूर नीट. सुरुवातीच्या पानावर मात्र 'अक्षरजुळणी' पानाच्या मध्यावर होतं आणि 'शुभदा गायकवाड' तुटून खालच्या ओळीत, पार डाव्या कडेला.

"स्पेस दिलीस," मी म्हटलं. आवाजातला राग मला लपवता आला नाही.

"हाताला सवय," ती म्हणाली. मग तिने फाइल उघडली, नावाआधीच्या जागा एकेक करून पुसल्या आणि मला न विचारता नवी स्टाइल बनवायला घेतली. स्टाइलचं नाव विचारणाऱ्या चौकटीत तिने लिहिलं: शुभदा.