फेलिझार्दाची कॅसेट

ट्राउडल कीसलिंग वयाच्या पासष्टाव्या वर्षी लाइपझिगच्या विद्यापीठात आफ्रिकेच्या भाषा शिकवतात त्या मजल्यावर गेली, तेव्हा स्वाहिलीच्या वर्गातल्या मुलांना वाटलं, बाई चुकून आत आल्या. एका मुलीने उठून तिला अदबीने सांगितलंसुद्धा, की वयस्कर लोकांचा संगणकाचा वर्ग खालच्या मजल्यावर भरतो. "माहीत आहे," ट्राउडल म्हणाली, "तो मागच्या वर्षी केला मी." आणि खिडकीजवळची खुर्ची ओढून बसली.

तिने रीतसर नाव घातलं होतं. परीक्षा नाही, पदवी नाही, फक्त बसून ऐकायचं. पण ट्राउडलला नुसतं बसायची सवय कधीच नव्हती. तिने नवी वही आणली होती, तीन रंगांची पेनं आणली होती आणि डब्यात घरचा केक.

शिकवणाऱ्या झुहुराबाई पन्नाशीच्या होत्या, टांझानियातल्या टांगा बंदराच्या. वीस वर्षं लाइपझिगमध्ये काढल्यामुळे जर्मन बोलताना त्यांचा हेल थेट सॅक्सनीचा यायचा, त्याची मुलांना गंमत वाटे. पहिल्या दिवशी त्यांनी नमस्कार शिकवला. लहानाने मोठ्याला म्हणायचं, शिकामो. मोठ्याने उत्तर द्यायचं, मराहबा. सगळ्या वर्गाने बाईंना शिकामो म्हटलं, बाईंनी मराहबा दिलं. मग त्या चालत खिडकीपाशी आल्या, ट्राउडलसमोर जराशा वाकल्या आणि म्हणाल्या, "शिकामो." वर्गात तेवढी एकच बाई त्यांच्याहून वयाने मोठी होती. ट्राउडल इतकी गडबडली की उत्तर द्यायचं सोडून उठून उभी राहिली. नवरा गेल्यापासून, आणि खरं तर त्याच्या आधीपासूनही, कुणी तिच्यापुढे वाकलं नव्हतं.

ही भाषा कशासाठी शिकता, असं विचारलं की ती सांगायची, वेळ जात नाही. ते खरं नव्हतं. तिचा वेळ उत्तम जात होता. खरं कारण स्वयंपाकघरातल्या कपाटात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होतं.

सत्याऐंशी साली पूर्व जर्मनी अजून पूर्व जर्मनी होता, आणि ट्राउडल लाइपझिगच्याच प्लागविट्झ भागातल्या सूतगिरणीत साच्यावर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, होती. तिच्या शेजारच्या साच्यावर मोझांबिकहून करारावर आलेली वीस वर्षांची मुलगी दिली होती, फेलिझार्दा. उंच, हाडकुळी, हाताला विलक्षण चपळ. तुटलेला धागा सफाईने जोडायला शिकायला ट्राउडलला सहा महिने लागले होते, हिला दोन आठवडे लागले. बोलणं फारसं व्हायचं नाही. साच्यांच्या आवाजात कुणाचंच होत नसे, आणि हिचं जर्मन चाळीसेक शब्दांचं. पण रविवारी ट्राउडल तिला घरी बोलवायची. बटाट्याचं सूप करायची. फेलिझार्दा सूप प्यायची, मग ट्राउडलचा नवरा लोथार त्याचा टेपरेकॉर्डर लावायचा आणि तिघं काही न बोलता बसायची. ती ट्राउडलला 'ममा' म्हणायची. ट्राउडल तेव्हा तीस वर्षांची, मूलबाळ नसलेली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती आतल्या खोलीत जाऊन उगाच पडदे नीट करत बसली होती.

असंच एका रविवारी फेलिझार्दाने खुणेनेच विचारलं, यात बोलू का? लोथारने कोरी कॅसेट घातली, लाल बटण दाखवलं, आणि नवराबायको अंगणात जाऊन उभे राहिले. अर्ध्या तासाने ती बाहेर आली. डोळे लाल, पण चेहरा हलका. कॅसेट ट्राउडलच्या हातात ठेवून ती म्हणाली, "ममासाठी." ट्राउडलने तिला मिठी मारली. फेलिझार्दाला अजून काहीतरी सांगायचं होतं, तिने दोनतीनदा कॅसेटकडे आणि दाराकडे बोट दाखवलं, मग शब्द सापडेनात म्हणून हसून सोडून दिलं. वसतिगृहात दहाच्या आत पोचायचं होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी सोमवारच्या सकाळच्या पाळीला शेजारच्या साच्यावर दुसरीच बाई उभी होती. फेलिझार्दाला दिवस गेले होते, आणि दिवस गेलेल्या मुलींना परत पाठवायचा नियम होता. शनिवारीच तिला विमानात बसवलं होतं. पत्ता कुणी दिला नाही. पुढे देश गेला, गिरणी गेली, ट्राउडलने चोवीस वर्षं बेकरीच्या काउंटरवर पाव विकले, लोथार गेला. डबा मात्र तीनदा घर बदलूनही तिच्याबरोबर राहिला. आपल्याला मिळालेली भेट आहे, आणि ती आपल्याला कळत नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. ती भाषा कोणती हेही तिला कळलं ते निवृत्त झाल्यावर, एका व्याख्यानाला सहज गेली असताना. वक्त्याने स्वाहिलीचा नमुना ऐकवला आणि कॅसेटवरचं बोलणं तिला ओळखू आलं.

भाषा शिकायला ती चिकाटीने बसली. स्वाहिलीत नामांचे वर्ग असतात. माणसं एका वर्गात, झाडं दुसऱ्या, वस्तू तिसऱ्या, आणि एक नाम बदललं की अख्खं वाक्य त्याच्यामागे बदलत जातं. मुलं वैतागायची. ट्राउडलला ते गिरणीतल्या बॉबिनांसारखं वाटायचं. रंगाप्रमाणे लावल्या की चूक आपोआप डोळ्यांत येते. तिसऱ्या सत्रात ती मुलांना केक खिलवून क्रियापदं घोटून घेऊ लागली. "कीसलिंगबाई, माझी आईसुद्धा एवढी मागे लागत नाही," एक मुलगी म्हणाली. "म्हणूनच तुझं असं आहे," ट्राउडलने तिची वही तिच्यापुढे परत सरकवली.

त्या हिवाळ्यात तिने हिंमत केली आणि जुन्या बाजारातून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावली. बरंचसं निसटलं. पाऊस कळला, थंडी कळली, मशीन कळलं. 'ममा' तर पदोपदी येत होतं, आणि प्रत्येक वेळी ट्राउडलला गहिवरून येत होतं. मग एके ठिकाणी त्या 'ममा'च्या पुढे नाव आलं. ममा ओलिंडा. तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच. हे बोलणं तिच्याशी नव्हतंच. मुलीने आपल्या आईला पत्र बोलून दिलं होतं, आणि ते टाकायचं काम भरवशाच्या बाईकडे सोपवलं होतं. त्या बाईने ते छत्तीस वर्षं बिस्किटांच्या डब्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती वर्गाच्या तासभर आधी झुहुराबाईंच्या खोलीत जाऊन बसली. सगळं सांगितलं, रडली नाही. बाईंनी दार लावून घेतलं. दोघींनी मिळून कॅसेट ऐकली. बाई थोडं ऐकवायच्या, थांबवायच्या, हळू आवाजात जर्मनमध्ये सांगायच्या.

ममा ओलिंडा, मी बरी आहे, फेलिझार्दा सांगत होती. शेजारच्या मशीनवरची बाई मला घरी बोलावते. तिच्या सुपात मीठ नसतं पण ती माझ्याकडे बघत बसते, म्हणून मी सगळं पिते. ममा, मला मूल होणार आहे. बाप चांगला आहे, नांपुलाचा आहे, पळणारा नाही. इथे कळलं तर मला परत पाठवतील. मला नोकरी जायची भीती वाटते, तुझी भीती वाटते, पण मुलाची वाटत नाही. त्याचा मला आनंदच आहे. मुलगी झाली तर तुझं नाव ठेवीन. तू मला कळव, म्हणजे मी घाबरणार नाही.

"तिने वाट बघितली असेल," ट्राउडल म्हणाली.

झुहुराबाई म्हणाल्या, "तुम्हाला ती आईच म्हणत होती, बाई. आमच्याकडे मानाच्या बाईला असंच म्हणतात. दोन आयांत तुमचा गोंधळ झाला, यात तुमचं मन वाईट नव्हतं."

"मन चांगलं असून तिच्या काय कामाला आलं?"

बाईंनी कॅसेट पुन्हा मागे नेली. त्यांनी कागद घेतला आणि कॅसेटमधली नावं उतरवायला लागल्या. गावाचं नाव होतं, चर्चचं होतं, आईचं होतं. जर्मनीहून परतलेल्या कामगारांची मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोमध्ये संघटना आहे, तिकडे त्यांनी पत्र टाकलं. तीन महिने काही नाही. इस्टरनंतर निरोप आला. फेलिझार्दा नऊ वर्षांपूर्वी वारली. तिची मुलगी मोंतेपुएझ गावात प्राथमिक शाळेत शिकवते. तिचं नाव ओलिंडा.

कॅसेटचा आवाज झुहुराबाईंनी फोनवर पाठवून दिला, आणि रविवारी दुपारी, तिकडे चर्च सुटल्यावर, बोलायचं ठरलं. ट्राउडलने सांगायचं ते सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. फोनच्या पडद्यावर छत्तीस वर्षांची बाई आली, उंच, हाडकुळी. ओलिंडाची स्वाहिली आजीकडून आलेली, थोडी मोडकी. ट्राउडलची वहीतून आलेली. दोघी सावकाश बोलत होत्या, त्यामुळे सगळं नीट कळत होतं.

"शिकामो," ओलिंडा म्हणाली. या वेळी ट्राउडलने न चुकता उत्तर दिलं, आणि माफी मागायला सुरुवात केली. पत्र माझ्याकडेच राहिलं. तुझ्या आजीला काहीच कळलं नाही. तुझी आई पोटात मूल घेऊन अचानक दारात उभी राहिली असेल.

"आजीने तिला आधी बदडलं, मग जेवायला वाढलं," ओलिंडा म्हणाली. "पत्र आलं असतं तरी हेच केलं असतं."

"तरीपण मी..."

"ऐका, ममा. ही कॅसेट तेव्हा आली असती तर मामाने महिन्याभरात तिच्यावर नाचाची गाणी भरली असती. आमच्या घरात एक कॅसेट राहिली नाही." ती हसली, आणि हसता हसता थांबली. "माझ्यामुळे आईची जर्मनीतली नोकरी गेली, हे सगळं गाव म्हणायचं. आई तसं कधी म्हणाली नाही, पण ते खोटं आहे असंही कधी म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. आता काल तिच्याच तोंडून ऐकलं. मी यायच्या आधीच तिला आनंद झाला होता."

ट्राउडलची वही तिथेच मिटली. पुढचं काही लिहिलेलं नव्हतं. मग ओलिंडाने मागे वळून आपल्या मुलींना हाक मारली आणि एकेकीला पुढे करून नावं सांगितली.

पुढच्या सत्रात विभागातल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, ही कॅसेट संग्रहात ठेवता येईल का? करारावर आलेल्या मुलींचे त्या काळचे आवाज फार थोडे उरलेत, त्यावर संशोधन होईल. ट्राउडलने ओलिंडाला विचारलं. ओलिंडा म्हणाली, ते घरातलं बोलणं आहे, घरातच राहू दे. ट्राउडलने तसं जाऊन सांगितलं. प्राध्यापक हिरमुसले, पण झुहुराबाईंनी मान डोलावली. ज्यांची भाषा शिकतो त्यांचा नकारही समजला पाहिजे, असं त्या मुलांना मागे एकदा म्हणाल्या होत्या. मूळ कॅसेट ट्राउडलने कापसात गुंडाळून मोंतेपुएझला पाठवली, या वेळी पोचपावतीसकट.

सत्राच्या शेवटी मुलांनी निबंध दिले तेव्हा तिनेही दिला, कुणी मागितला नसताना. विषय पूर्व आफ्रिकेतल्या बायका नेसतात त्या छापील सुती कापडांचा होता. बाकी सगळ्यांनी कापडावर छापलेल्या वाक्यांवर लिहिलं होतं. ट्राउडलने भिंग लावून कापड पाहिलं होतं आणि सुताबद्दल, त्याच्या पिळाबद्दल, कुठल्या कापडाचं सूत धुण्यात टिकेल आणि कुठल्याचं फसवेल याबद्दल अकरा पानं लिहिली होती. झुहुराबाईंनी ती स्टाफरूममध्ये बसून दोनदा वाचली, घरी जाऊन स्वतःच्या कपाटातली सगळी कापडं बाहेर काढली, आणि सोमवारी येऊन तिला सांगितलं की वर्गात यावर एक तास तुम्ही घ्या.

ट्राउडलने तो घेतला. केक नेला होता.