दवबिंदूवर घेतलेला आळ

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. दर येळवसीला, म्हणजे वेळ अमावास्येला सगळे रानात जेवायला जमले की ठरवायचो, आज बोलायचंच. मग जेवणं व्हायची, आंबील प्यायली जायची, आणि पोरांच्या नोकऱ्या, तुरीचा भाव असल्या गोष्टी बोलून मी घरी यायचो. ज्याला सांगायचं होतं, तो शेजारी गेल्या उन्हाळ्यात वारला. म्हणून आता लिहितो.

बेंबळीच्या बाजूला आमची रानं एकमेकांना लागून. त्याचं गावात सायकलींचं दुकान होतं, मी शाळेत विज्ञान शिकवायचो. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला मास्तर. त्याच्या रानाचा एक कोपरा तलावाच्या पाझरानं चिबड झालेला. तिथं पीक यायचं नाही, पण पावसाळा सरता सरता दवबिंदू उगवायचा. वीतभर झाड, बारीक पानांवर तांबूस केस आणि प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट थेंब. त्यात चिलटं अडकतात, आणि निकस मातीत जे मिळत नाही ते झाड त्यांच्यातून मिळवतं. मीच पोरांना तिथं नेऊन हे दाखवायचो.

एका वर्षी भाईनं सूर्यफुलाच्या कडेला मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या. सूर्यफूल भरलंच, पण त्याला माश्यांचा नादही लागला. दुकान बंद करून तो पेट्यांपाशी जाऊन बसायचा. दिवाळीनंतर माझी तूर फुलावर आली, अळी दिसली, आणि मी भर सकाळी फवारा मारला. तुरीवर माश्या गुणगुणत होत्या. मला दिसत होत्या. संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं, पण फवारणारा माणूस तेवढ्याच वेळेपुरता मिळाला होता. दोन दिवसांत भाईच्या पेट्यांपुढं मेलेल्या माश्यांचा सडा पडला.

त्या येळवसीला तो आमच्या रानातल्या कडब्याच्या कोपीवर जेवायला आला. कोपीतल्या पाच दगडांच्या पांडवांची पूजा झाली, सगळ्या भाज्या मिळून केलेली भज्जी वाढली, आणि त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "मास्तर, माश्या लई मेल्या वो. काय झालं असंल?"

माझ्या हातातला घास तसाच राहिला. फवाऱ्याचं नाव ओठापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "तुमच्या चिबडात ते दवबिंदू आहे ना? ते किडे खातं."

"माणसं खातंय का?" माझा चुलता म्हणाला. "खात असंल तर माझ्या साडूला तिथं बसवतो."

सगळे हसले. भाई हसला नाही. "मास्तर म्हणत्यात म्हंजी असंलच," म्हणाला, आणि जेवण उरकून चिबडात उतरला. आम्हीही गेलो. दिसेल ते झाड उपटलं. दोन मुठी मीसुद्धा उपटल्या. बोटं चिकट झाली. पुढं त्यानं उरलेल्या पेट्या देऊन टाकल्या. माझ्या झाडांनीच माझ्या माश्या खाल्ल्या, असं तो लोकांना सांगायचा, आणि वर म्हणायचा, मास्तर होते म्हणून कळलं.

चिलटाला धरणारा तो थेंब मधमाशीला सहसा धरू शकत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

उपटण्याआधी बोंडं फुटून बारीक बी चिखलात सांडलं होतं. दोन-तीन पावसाळ्यांनी झाडं पुन्हा दिसू लागली. मी सकाळी चष्मा लावून बांधावर बसायचो. दवबिंदूचं गुलाबी फूल उन्हाबरोबर उघडतं आणि दुपारी मिटतं. मिटताना ते स्वतःच्याच परागावर थोडं बी धरतं, पण दुसऱ्या झाडाचा पराग हवा असेल तर कुणीतरी उडून यावंच लागतं. एका सकाळी रानातली एक बारीक माशी आली, फुलावर फिरली, पोटाला पिवळी भुकटी लावून घेतली आणि शेजारच्या फुलावर गेली. खाली पानांवर चिलटं चिकटलेली होती. वर पाहुणीला वाट मोकळी होती. मी आळ घेतला होता तो अशा झाडावर, ज्याला माशी जिवंत हवी होती.

यंदा भाईच्या लेकीनं पुन्हा पेट्या आणल्या. चिबड नांगरायचं नाही असंही तिनं ठरवलंय. मी जाऊन तिला सगळं सांगितलं. तिनं हातातलं पेटीचं झाकण खाली ठेवलं.

मग म्हणाली, "चाचा, हे अब्बांना सांगायचं होतं."

"व्हय."

"आता तुरीला फवारणी कधी हाय?"

"अळी दिसली तर. दिवस मावळल्यावर."

"आदल्या दिवशी फोन करायचा. विसरलात तर मी फवाऱ्याचा पंप उचलून नेईन."

मी फोन केला. तिनं पेट्यांची तोंडं जाळीनं झाकली, सकाळी उशिरा उघडली. माश्या जगल्या. आता सूर्यफूल भरतंय, आणि चिबडात दवबिंदू पूर्वीपेक्षा दाट आहे.

तिला सांगून झालं, पण ते तिला नाही, भाईला सांगायचं होतं. भाई, तुमच्या माश्या माझ्या फवाऱ्यानं मेल्या. मला माहीत होतं, तरी मी तुमच्याच हातानं ती झाडं उपटायला लावली. मला माफ करा.