वाढवलेल्या दोन कड्या

हुपरीच्या शालूबाईला दर मंगळवारी आजारी पडायचं काम आहे. सरकार आणि कोल्हापुरातलं एक खाजगी हॉस्पिटल मिळून खेड्यापाड्यांसाठी आरोग्यसेविका तयार करतात. त्या पोरींना सराव म्हणून हिनं पेशंटचं सोंग काढायचं. दम्याचा म्हातारा तर असा काढते की वर्गातल्या पोरींनाच धाप लागते.

एक सोंग मात्र पोटाला उशी बांधून. आठव्या महिन्यातली बाई. तिला आवाज राजनंदिनीचा, म्हणजे शालूबाईच्या लेकीचा. ती बाळंतपणाला माहेरी आली आणि झटके येऊन गेली, बाळासकट. तीन वर्षं झाली. त्याआधी आठवडाभर तिचं पैंजण वाजायचं थांबलं होतं. पाय सुजून ते रुतलं होतं. घरचा धंदाच पैंजणांचा. शालूबाईनं दोन कड्या वाढवून दिल्या आणि वर म्हणाली, "घे, झालं की! आता नाच."

तेच पैंजण ती सोंगाला घालते, खाली जाड पट्टी गुंडाळून, म्हणजे पाय सुजलेला दिसतो आणि ते वाजत नाही. एकीनं तरी पायाकडं बघावं, झटक्यांआधीची ती सूज ओळखावी, एवढीच आस. पण सांगायची सोय नाही. पोरींना शिकवणाऱ्या अमरसिंह सरांचा नियम : "रिअल पेशंट स्वतःहून सांगतो का? सांगतो का? मग विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

चार तुकड्या झाल्या. पोरी मोबाईलवर फॉर्म भरायच्या, गोळ्या द्यायच्या, उठायच्या. चारदा राजनंदिनी परत मेली.

पाचवी तुकडी शेवटची. उद्या या पोरी आपापल्या गावात कामाला लागणार. समोर आली राधानगरीकडची तेजस्वी. आवाज असा, की पलीकडच्या बांधावरचा माणूस वळून बघावा.

"काय होतंय, ताई?"

"काय न्हाय. जरा डोकं दुखतंय."

"ऊन लागलं असंल. गोळ्या घेतासा न्हवं?"

"व्हय."

तेजस्वीनं मोबाईल दाबला, पिशवी उचलली. शालूबाईच्या जिभेवर सगळं येऊन थांबलं. तिनं नुसता पाय आपटला. मग परत, जोरात.

तेजस्वी दारात थबकली. "ओ ताई, पैंजण तर झ्याक हाय. मग वाजंना का झालंय?"

शालूबाईच्या घशातून राजनंदिनी बोलली, "रुततंय. मम्मी म्हणाली, कडी वाढवून देते."

"कडी? कडी नगं, गाडी बोलवा! पाय सुजलाय की तुमचा. थांबा, आधी बीपी बघू दे. आन् मम्मीला हाक मारा तुमच्या!"

शालूबाईनं हाक मारली, "मम्मीऽ..."

आणि त्याच तोंडातून, दुसऱ्याच आवाजात, उत्तर आलं, "आले गं. आले."

सरांनी टाळी वाजवली. "पेशंट वाचली! वाचली की नाही?" पोरी हसल्या. शालूबाई उशीची गाठ सोडत होती, ती काही केल्या सुटेना.

हुपरीच्या एसटीत खिडकीकडं तोंड करून तिनं हळूच म्हणून बघितलं, "मम्मी."

आवाज शालूबाईचाच आला. तिनं परत म्हणून बघितलं. इचलकरंजीच्या फाट्यापर्यंत म्हणत राहिली.