पाखरं हाकणाऱ्या माणसाचं चित्र

माझ्या थोरल्या साडूंइतका परवानगी मागणारा माणूस उभ्या आदिलाबाद जिल्ह्यात सापडायचा नाही. भीमपूरच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मुकी चित्रं बोलती करायला घेतली. परदेशातल्या ग्रंथालयांनी शेकडो वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितांची पानं स्कॅन करून नेटवर सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. त्यातलं एखादं चित्र निवडायचं, त्याला कुणीही वापरावा अशा खुल्या परवान्याचा आवाज जोडायचा आणि सकाळी आमचा चहा व्हायच्या आत नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं. घोड्याच्या चित्राला टापा, स्वयंपाकघराच्या चित्राला भांडी. कुणी सिनेमाचं गाणं जोडा म्हटलं, की "इजाजत हाय काय आपल्याजवळ?" असं विचारून ते समोरच्याला चोर ठरवून मोकळे होतात.

खुला आवाज मिळाला नाही तर स्वतः टिपायला निघतात. एका शेळीच्या चित्रासाठी त्यांनी शेजारणीची रीतसर परवानगी मागितली. ती म्हणाली, "गुरुजी, मले काऊन विचारता? शेळीलेच विचारा." यांनी खरोखरच शेळीकडे पाहिलं. कोंबड्यासाठी नेरडीगोंड्याला माझ्याकडे मुक्कामाला आले, तर हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न नेमका आरवण्यात मिसळला. मुक्काम वाढला. "त्या काळात ट्रक होते काय?" असं त्यांनी बायकोसमोरच विचारल्यावर मी त्यांची गादी पुन्हा घातली.

गेल्या हिवाळ्यात त्यांना एका पानावर गोफण उगारून शेतातली पाखरं हाकणारा माणूस दिसला. याचा आवाज शोधावा लागणार नव्हता. त्यांचे मोठे भाऊ तामसीजवळच्या ज्वारीत मचाणावरून हाळी देत, ती पलीकडच्या शिवारात ऐकू जाई. पण भावाच्या घशात गाठ निघाली होती आणि ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. साडू तसेच बसने निघाले, मला सोबत घेऊन. त्याही वेळी मोबाइल पुढे धरण्याआधी त्यांनी विचारलंच, "भाऊ, हा आवाज जगात कोनीबी वापरंल. चालन काय?"

"घेऊ दे लोकायले," भाऊ म्हणाले, "माह्याजवळ कुठं राह्यते आता?"

मग ते मचाणावर चढले आणि "हाऽऽर्र हो!" म्हणून ओरडले. शेवटाला आवाज फाटला. एका हॉर्नसाठी मुक्काम वाढवणाऱ्या माझ्या साडूंनी तो फाटका शेवट मात्र तसाच ठेवला.

ऑपरेशन पार पडलं. भाऊ घरी आल्यावर साडूंनी अंगणात त्यांच्या हाती मोबाइल दिला आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. भावाने दाबलं. पानावरचा चिमुकला माणूस गोफण उगारून उभा होता. हाळी निघाली आणि वाळत घातलेल्या ज्वारीवरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. भाऊ खांदे हलवत, आवाज न करता हसले. साडू भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले. अंगणात आता एकही चिमणी नव्हती, तरी भावाने पुन्हा बटण दाबलं.