आधी दसरा, मग दवाखाना

"डोळे मिटा काका, आणि तळपायाला काही लागलं की 'हो' म्हणा," डॉक्टर म्हणाल्या.

मी डोळे मिटले. गावच्या जत्रेत दरवर्षी नाटकात काम करणारा माणूस मी. डोळे मिटून पडा म्हटलं की मला मरणाचा प्रवेशच आठवतो, म्हणून हातही छातीवर घेतले. थोडा वेळ गेला. आणखी थोडा गेला. मला वाटलं, बाईंना फोन आला असेल.

"डॉक्टर, करा की सुरू."

"झालं काका. सगळा तळपाय टोचून झाला."

डोळे उघडले तर त्यांच्या हातात काडीला बसवलेला नायलॉनचा एक दोरा होता. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. तो तळपायावर टेकवून दाबतात आणि रोग्याला कळतंय का ते बघतात. माझी बायको सुनंदा पायाशी उभी राहून सगळं बघत होती. ती हसली नाही. माझ्या विनोदांना ती एरवीही हसत नाही, पण ते न हसणं वेगळं असतं.

"याला डायबेटिक न्यूरोपथी म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "साखरेनं पायाच्या नसा निकामी होतात. जखम एवढी मोठी आहे आणि तुम्हाला दुखत नाही, यात शाबासकी नाही काका. न दुखणं हाच आजार आहे."

मी तोपर्यंत वाटेत भेटेल त्याला सांगत आलो होतो, "पाय सुजलाय, पण दुखत अजिबात नाही बघा!" जसं काही बक्षीसच मिळालंय.

ज्यांच्या घरात साखर आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. शिवाय ज्यांच्या घरात एखादा महिना असा आहे, की त्या महिन्यात आजारी पडायला कुणाला परवानगीच नाही, त्यांच्यासाठीही. आमच्या घरात तो महिना आश्विन.

आम्ही मखमलाबादच्या पुढे झेंडू लावतो. आजोबांपासून लावतो. आषाढात रोपं टाकायची, पावसाशी भांडत ती वाढवायची आणि आश्विनात तोडायची. वर्षभराची सगळी मेहनत दसऱ्याच्या त्या दोन-तीन दिवसांवर येऊन उभी राहते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच फुलाला कुत्रं विचारत नाही. त्यामुळे आमच्याकडे लग्नाची बोलणी, घराचं गळकं छप्पर, दाढदुखी, भावकीतलं भांडण, सगळ्याला एकच उत्तर असतं: दसरा होऊ दे. लहानपणी मला वाटायचं, हा काहीतरी मंत्र आहे.

माझे वडील खंडेनवमीच्या सकाळी फुलांचे कॅरेट टेम्पोत चढवताना म्हणाले, "छातीत जरा भरून आलंय." आई म्हणाली, दवाखान्यात जा. ते म्हणाले, "दसरा होऊ दे." संध्याकाळी बाजारातून टेम्पो परत आला, तेव्हा ते मागे रिकाम्या कॅरेटांना टेकून बसलेले होते. आम्हाला वाटलं झोप लागलीय. माझा चुलता तर ओरडलासुद्धा, "उतरा की राजे, महाल आला!" त्या हाकेनंतरची शांतता माझ्या कानातून अजून गेलेली नाही.

तेव्हापासून मी नवरात्रात अनवाणी राहायला लागलो. गडावरच्या देवीला बोललो होतो. घट बसले की चपला माळ्यावर टाकायच्या, त्या थेट दसऱ्याला काढायच्या. गावात निम्मी माणसं असंच करतात. फरक एवढाच की त्यांना काटा रुतलेला कळतो.

साखरेच्या गोळ्या मला होत्या. त्या मी पाहुण्यासारख्या घ्यायचो, म्हणजे आठवण झाली तर आणि मूड असेल तर.

पायाचं हे झालं त्या वर्षी दुसऱ्या माळेला सुनंदा सकाळी म्हणाली, "घटापुढं कुंकू सांडलंय कुणी?" ती फडकं घेऊन पुसत निघाली. एक ठिपका, दुसरा ठिपका, ओटा, पडवी, मोरी. ठिपके पुसत पुसत ती जिथं येऊन थांबली, तिथं मी बसून चहा पीत होतो. करंगळीच्या बुडाशी तारेचा तुकडा अख्खा आत गेला होता. कधी गेला, देव जाणे.

तार काढली. झेंडूचा पाला ठेचून वर बांधला. आमच्याकडे कापलं, भाजलं, खरचटलं, सगळ्याला झेंडूचा पाला. सुनंदा म्हणाली, "चप्पल तरी घाला." मी देवीकडे बोट दाखवलं आणि खास आवाज काढून म्हणालो, "वचन दिलंय!" जखम बांधून त्याच पायानं मी चिखलात तोडणी बघायला गेलो.

पाचव्या-सहाव्या माळेला घरात वास यायला लागला. मी उंदीर शोधला. कोठीतली पोती हलवली, पलंगाखाली बॅटरी मारली. उंदीर सापडेना. वास मात्र मी जाईन तिथं माझ्या मागं येत होता. सातव्या माळेला अंगात ताप भरला आणि लाली घोट्यापर्यंत चढली.

"आत्ता निघा," सुनंदा म्हणाली.

"अगं, तीन दिवस राहिले. दसरा होऊ दे."

अष्टमीला पहाटे भाऊसाहेबचा टेम्पो बाजारासाठी भरत होता. भाऊसाहेब शेजारचा, गाडी त्याची, फुलं सगळ्यांची. मला आवडतं म्हणून मी पुढच्या सीटवर बसलो, बाजाराला जायच्या थाटात. सुनंदा मागून चढली आणि फुलांच्या कॅरेटांमध्ये बसली.

"भाऊसाहेब, आधी इंदिरानगरला घ्या. दवाखान्यात," ती मागून म्हणाली.

"वहिनी, बाजार हुकंल ना!"

"हुकू द्या."

भाऊसाहेबनं माझ्याकडं बघितलं. "नाना, काय करू?"

"गाडी तिची हाय का तुझी?" मी म्हणालो.

"गाडी माझी हाय," भाऊसाहेब म्हणाला, "पण आवाज वहिनींचा लय मोठा हाय." आणि त्यानं द्वारका चौकातून गाडी सरळ इंदिरानगरकडं घातली. दवाखान्याच्या दारात अख्खा झेंडूचा टेम्पो थांबला, तर वॉचमनला वाटलं तोरणाची ऑर्डर आली.

आत डॉक्टरबाईंचा तो दोरा टोचून झाला, मग बाकीच्या तपासण्या. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब देणारी रक्ततपासणी. ही चहाडखोर असते. आदल्या दिवशी उपास करून हिला फसवता येत नाही. डॉपलर, म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्यांतून रक्त वाहतंय का ते आवाजावरून बघायचं. घोट्यापाशी फुसफुस ऐकू आली, बोटांकडं सरकल्यावर आवाज बारीक होत गेला. आणि एक्स-रे. त्यात दिसलं की पू हाडापर्यंत गेलाय. त्याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात, म्हणजे हाडाचा जंतुसंसर्ग.

प्रत्येक तपासणीआधी बाकावर बसायचं. शेजारी पायाला पट्टी बांधलेले आणखी दोघं होते, दोघंही अनवाणी. एकमेकांच्या पायांकडं बघून आम्ही तिघंही ओशाळलो.

संध्याकाळी सर्जन आले. तरुण, मोजकं बोलणारे. "करंगळी आणि शेजारचं बोट वाचणार नाहीत. आत डिब्राइडमेंट करावं लागेल, म्हणजे मेलेलं मांस कापून स्वच्छ करायचं. रात्रभर इन्सुलिन देऊन साखर खाली आणू, सकाळी पहिलं ऑपरेशन तुमचं."

"सकाळी खंडेनवमी," मी म्हणालो. "डॉक्टर, माझे वडील त्याच दिवशी गेले. आणि मळ्यात फुलं उभी आहेत. दसरा होऊन जाऊ दे, तुम्ही म्हणाल तिथं सही करतो."

"काका, जंतूंना कॅलेंडर वाचता येत नाही. उद्या दोन बोटं. नंतर आलात तर कुठून कापायचं ते मी ठरवणार नाही, ते पाय ठरवेल."

ते गेले. मी सुनंदाकडं बघितलं आणि आवाज जरा खाली आणला, नाटकात पडायच्या आधीच्या राजासारखा. "तू सांग ना त्यांना. दोन दिवसांनी काय होतंय?"

सुनंदा स्टुलावर बसली. 'दोन दिवस' म्हणताना मलाच दुसरा एक दसरा आठवला. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी तिला सहावा महिना होता. तोडणी चालू होती. सरीत वाकून फुलं तोडताना तिच्या पोटात कळा येत होत्या. दसऱ्याच्या रात्री ती बाळंत झाली आणि बाळ रडलं नाही. पुढं मुलगा झाला, शिकला, पुण्याला नोकरीला लागला. पण त्या बाळाबद्दल आम्ही दोघं इतक्या वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो. मी तासाभराच्या गोष्टी रचून सांगणारा माणूस, आणि ही एक गोष्ट मी कधी तोंडातून काढली नाही.

त्या दिवशी काढली. म्हणालो, "सुनंदा, तेव्हा मी तुला उचलून न्यायला पाहिजे होतं. माझंच चुकलं."

"तुमचं कसं चुकलं?" ती म्हणाली. "तुम्ही मोटरसायकल काढून दारात उभे होतात. हॉर्न वाजवत होतात. मीच म्हणाले, दोन सऱ्या राहिल्यात, दसरा होऊ दे."

मला आठवलं. खरंच हॉर्न वाजवत होतो.

"प्रत्येक नाटकात तुम्हीच नायक नका होऊ," ती म्हणाली. "ते माझं आहे. मी ते रोज घेऊन फिरते. कुणी मला थांब म्हणालं नव्हतं, कुणी धरून ठेवलं नव्हतं. मी सून होते, सासूबाईंच्या सरीपेक्षा माझी सरी मागं राहायला नको होती, एवढंच." मग तिनं डोळे पुसले आणि माझ्या पायावरची चादर नीट केली. "आता तुम्ही 'दसरा होऊ दे' म्हणाल तर मी ऐकणार नाही. मला परत नाही ते ऐकायचं. स्वतःच्या तोंडून नाही आणि तुमच्याही नाही."

मी सही केली.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतात. ऑपरेशन थिएटरच्या दाराला झेंडूचं तोरण होतं. आत मशीनला हार, ट्रॉलीला हार, सलाइनच्या स्टँडलासुद्धा एक फूल. मी स्ट्रेचरवरून बघत होतो. फूल कालचं होतं, पाणी मारून ताजं केलेलं, कडा काळवंडलेल्या. नर्सला म्हणालो, "ताई, फुलवाल्यानं फसवलं तुम्हाला." ती म्हणाली, "काका, अंक उलटे मोजा." मी मोजायला लागलो आणि मध्येच कुठंतरी वडिलांचे रिकामे कॅरेट दिसायला लागले.

बोटं गेली, पाय राहिला. तेवढं घडायलाही बरेच आठवडे लागले. एक दिवसाआड ड्रेसिंग, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, आणि पायावर भार न देता बसून राहायचं. माझ्यासारख्याला ही शिक्षा सगळ्यांत मोठी. मळ्यातली निम्मी फुलं शेजाऱ्यांनी तोडून बाजारात नेली, निम्मी झाडावर राहिली. घराच्या खिडकीतून ती काळी पडताना दिसायची. मला त्यांचं वाईट वाटायला हवं होतं. मी त्या फुलांकडं बघून वडिलांचाच विचार करायचो, की एक टेम्पो बाजारात गेला नसता तर काय झालं असतं. काहीच झालं नसतं. हे कळायला मला दोन बोटं द्यावी लागली, आणि वडिलांना ते कधी कळलंच नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. रोज रात्री तळपाय आरशात बघा, नाहीतर घरच्यांना दाखवा. अनवाणी चालू नका, घरातसुद्धा. चप्पल घालण्याआधी झटका, आत खडा असला तरी तुम्हाला कळणार नाही. जखमेला पाला बांधू नका, मग तो कुणाच्याही मळ्यातला असो. आणि नवस बोलायचाच असेल तर गोड सोडायचा बोला. देवी तोही घेते, मी विचारलंय.

आता गेल्या आश्विनाची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

तोडणी चालू होती. मी मऊ तळाच्या चपला घालून बांधावर खुर्चीत बसलो होतो आणि बायकांना गोष्टी सांगून हसवत होतो. काही दिवस सुनंदाला सरीत वाकलं की दम लागत होता. ती कुणाला बोलली नव्हती, मी बघत होतो. खंडेनवमीच्या सकाळी ती सरीच्या मध्यावर उभी राहिली. छातीवर हात ठेवला. सगळ्या बायका थांबल्या. मीही बोलता बोलता थांबलो.

तिनं टोपली खाली ठेवली. हौदावर जाऊन हात धुतले, खोचलेला पदर सोडला.

"कुठं गं?" मी विचारलं.

"दवाखान्यात. दम लागतोय."

"थांब, मी येतो."

"तुम्ही फुलं बघा. मला जाता येतं." आणि ती रस्त्यावर जाऊन रिक्षात बसली.

दिवसभर माझ्या तोंडून एक गोष्ट निघाली नाही. बायका चिडवत होत्या, "नाना, आज रेडिओ बंद का?" संध्याकाळी ती आली. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून आली होती. हृदय चांगलं होतं. अंगात रक्त कमी होतं, त्याच्या गोळ्या दिल्या होत्या.

"एवढा वेळ?" मी म्हणालो.

"येताना मिसळ खाल्ली," ती म्हणाली. "एकटीनं. रस्सा दोनदा मागितला."

आणि ती हसली. मी तिच्याकडं बघत राहिलो. इतकं सोपं होतं ते. टोपली खाली ठेवायची, हात धुवायचे आणि निघायचं. तिला, मला, माझ्या वडिलांना, आमच्या अख्ख्या घराला एवढंच करायचं होतं.